आमच्या घरातील अनोळखी भाषा

१९९५ च्या जून महिन्यातील एका पहाटे, साडेचारच्या सुमारास, मला जाग आली ती कोणाच्या तरी बोलण्याने. आमचे हिंगोलीचे घर तेव्हा दोन खोल्यांचे होते. पुढच्या खोलीत मी झोपत असे, मागे स्वयंपाकघरात माझी वृद्ध माय, पत्नी आणि मुलगी. आवाज पत्नीचा होता, यात शंका नव्हती. पण ती काय बोलत होती ते उमजेना. ती मराठी नव्हती, हिंदी नव्हती, निजामाच्या काळापासून आमच्या बाजारात ऐकू येणारी दखनीही नव्हती. शाळेत मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. विभक्ती, प्रत्यय, क्रियापद यांच्याशी रोजचा संबंध. अंथरुणात पडल्यापडल्या त्या ओघात एखादा धातू सापडतो का, एखादा शब्द पुन्हा येतो का, हे मी कान देऊन शोधू लागलो. काही अक्षरे पुन्हापुन्हा येत होती. परंतु वाक्य म्हणून काही हाती लागेना. आवाजात मात्र विनवणी होती, आणि ती कोणासाठी होती हे कळायला व्याकरणाची गरज नव्हती.

आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. नवव्या वर्षापासून तिला फेफरे येत असे. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यांनी झटके कमी झाले होते, थांबले नव्हते. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत पोर एकाएकी कोसळली की बाकीची मुले दूर पळत, कोणी चप्पल हुंगवायला धावे. आईच्या जिवाचे काय होत असेल ते मी सांगायला नको. त्याच वर्षी मे महिन्यात, दवाखाना चालविणाऱ्या केरळच्या दोन धर्मभगिनी सुटीवर गावी निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ती चालकुडीजवळच्या मुरिंगूरला गेली. व्हिन्सेन्शियन संघाच्या धर्मगुरूंनी १९७७ मध्ये पोट्टा येथे सुरू केलेले कार्य १९९० पासून मुरिंगूरला विस्तारले होते, आणि रविवारी संध्याकाळी सुरू होऊन शुक्रवारी संपणाऱ्या तिथल्या रिट्रीटसाठी देशभरातून माणसे लोटत होती. हिंदीतून चालणाऱ्या रिट्रीटमध्ये ती बसली. परत आली ती शांत होऊन. जाताना तिच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळे होती ती आल्यावरही तशीच होती. पण माझ्याशी बोलताना तिचा जो आवाज चढत असे, तो चढेनासा झाला. एवढा फरक मला आवडला होता. भाषांच्या वरदानाविषयी तिने मला काही सांगितले नव्हते. कदाचित मी हसेन असे तिला वाटले असावे. आणि मी हसलो असतो हे खरे आहे.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. आम्हा कॅथलिकांची घरे मोजकी. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत झाला, तरी महिन्यातून एकदा फादर येणार, कोणाच्या तरी घरात मिस्सा होणार, उरलेले तीन रविवार आपापली जपमाळ आपापल्या भिंतींत, अशी आमची रीत होती. भिंती पातळ होत्या. आठवडाभरात शेजारच्या मावशींनी मला अंगणात गाठले. बाई मायाळू, मुलीच्या आजारात रात्रीअपरात्री धावून येणारी.

“गुर्जी,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाईच्या अंगात कोनती देवी येती हो? नारळ-लिंबू काही लागलं तर सांगा, बुजू नका.”

मावशींच्या बोलण्यात टवाळी नव्हती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुपारपर्यंत ही गोष्ट शाळेच्या शिक्षकखोलीत पोहोचली, आणि ख्रिस्ती मास्तरांच्या घरीही अंगात येते म्हणून सहकाऱ्यांनी चहाबरोबर थोडी करमणूक करून घेतली. आज मागे वळून पाहताना मी प्रामाणिकपणे लिहितो की भाषांच्या वरदानाला माझा जो विरोध होता त्याचा पाया धर्मशास्त्र नव्हता, ही लाज होती. धर्मशास्त्र मी नंतर शोधले.

अंगात येणे म्हणजे काय हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. घुमणारी बाई मी लहानपणापासून पाहिली आहे. केस सुटलेले, नजर हरवलेली, आणि शुद्धीवर आल्यावर घडलेले काही आठवत नाही असे तीच सांगते. माझ्या पत्नीचे तसेच आहे काय, ही शंका मला जाळू लागली. तिचा उलगडा झाला तो एका पातेल्यामुळे. एका पहाटे स्टोव्हवर दूध ठेवून ती प्रार्थनेला बसली होती आणि मी दारातून पाहत होतो. तिचे बोलणे रंगात आले होते, डोळे मिटलेले होते. दूध वर येऊ लागले. तिने डोळे उघडले, स्टोव्ह बारीक केला, पातेल्यावर पळी आडवी ठेवली आणि जिथे सोडले होते तिथून पुन्हा सुरू केले. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या अधीन असतात असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले आहे, हे मला पुढे फादरांनी दाखविले. त्याचा अर्थ मला त्या दुधाने आधीच सांगितला होता.

पुढच्या मिस्साला फादर आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन तक्रार मांडली. त्यांचा स्वतःचा कल या चळवळीकडे नव्हता. “मास्तर, मलाही ते जमत नाही,” असे म्हणून ते हसले आणि त्यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय माझ्यापुढे ठेवला. वाचकांनी तो अध्याय सावकाश वाचावा असे मला सुचवावेसे वाटते, कारण आपण त्यातले आपल्याला हवे तेवढेच उचलतो. भाषांचा अभिमानी पौलाचे ते वाक्य उचलतो ज्यात तो स्वतः सर्वांहून अधिक भाषा बोलत असल्याबद्दल देवाचे आभार मानतो. विरोधक त्याच्या लगेच पुढचे वाक्य उचलतो: मंडळीत दहा हजार न समजणाऱ्या शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द मला बरे वाटतात. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची, एकाच दमात लिहिलेली. बाहेरचा कोणी आत आला आणि सगळेच भाषा बोलताना त्याने पाहिले तर तुम्हांला वेड लागले असे तो म्हणणार नाही काय, असेही पौल विचारतो. ते वाचताना आमच्या मावशी माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे, स्वतःशी आणि देवाशी बोलावे, ही त्याची आज्ञा. आणि अध्यायाच्या अखेरीस, भाषा बोलण्यास मनाई करू नका, हीही त्याचीच.

मनाई करू नका, या शब्दांवर फादरांनी बोट ठेवले होते. मी ते पाहिले न पाहिल्यासारखे केले.

चर्चची भूमिका मी त्यानंतर जमेल तशी वाचून काढली. पहिल्या पेंटेकॉस्टला यरुशलेमेत जमलेल्या देशोदेशींच्या यात्रेकरूंना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत समजले. करिंथमध्ये मात्र कोणालाच काही समजत नव्हते. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्याने पुष्कळ गोंधळ होतो. संत ऑगस्टीन आपल्या प्रवचनांत सांगतो की भाषांचे ते चिन्ह आरंभीच्या काळाला साजेसे होते आणि ते सरले. आता नवा बाप्तिस्मा घेतलेल्याकडून त्याची कोणी अपेक्षा करीत नाही. आणि हाच ऑगस्टीन स्तोत्रांवर भाष्य करताना सुगीच्या शेतात आणि द्राक्षांच्या मळ्यात काम करणारी माणसे आनंदाच्या भरात शब्द सोडून देतात आणि नुसत्या स्वरांवर जातात, त्याचे कौतुक करतो. ज्याचे वर्णन शब्दांत होत नाही त्या देवासाठी यापेक्षा योग्य ते काय, असे त्याला वाटते. आमच्या वसमतकडे हळद काढायच्या दिवसांत बायांच्या ओळीतून गाणे संपल्यावरही जो सूर उरतो, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना ऑगस्टीनचे म्हणणे लगेच पटेल.

आपल्या गोव्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. संत फ्रान्सिस झेवियरला भाषांचे वरदान होते असे त्याच्या संतपदाच्या घोषणेच्या वेळी मानले गेले. त्याची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. १५४२ नंतर दक्षिणेच्या किनाऱ्यावर दुभाष्यांना जवळ बसवून त्याने तमिळमध्ये प्रार्थना करवून घेतल्या आणि त्या घोकून पाठ केल्या. भाषा येत नाही याची खंत त्याने लपविली नाही. माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला तो संत अशा वेळी अधिकच जवळचा वाटतो.

आजची चळवळ मात्र अलीकडची. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील काही विद्यार्थी आणि प्राध्यापक एका तपसाधनेला गेले आणि तिथून कॅथलिकांतील करिस्मॅटिक नवीकरण सुरू झाले. पाच वर्षांत, १९७२ साली, ते मुंबईला पोहोचले. अमेरिकेत शिकून परतलेला एक पारशी तरुण अभियंता आणि काही जेझुइट धर्मगुरू त्याला निमित्त झाले. त्याच्या आधीच द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ मध्ये ठरवून टाकले होते की वरदाने साधी असोत की असाधारण, ती कृतज्ञतेने स्वीकारावीत; मात्र असाधारण वरदानांच्या मागे अविचाराने धावू नये, आणि त्यांची पारख करण्याचे काम चर्चमधील अधिकाऱ्यांचे आहे. १९७५ च्या पेंटेकॉस्टला पोप सहावे पॉल यांनी सुमारे दहा हजार करिस्मॅटिक यात्रेकरूंचे रोममध्ये स्वागत केले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात भाषांच्या वरदानाचा नावानिशी उल्लेख आहे. पण सर्व वरदाने प्रीतीच्या सेवेसाठी आणि चर्चच्या उभारणीसाठी आहेत, असे तिथेच म्हटले आहे. ज्याला ‘पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा’ म्हणतात तो आठवा साक्रामेंत नव्हे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांत मिळालेल्या कृपेचे ते जागे होणे आहे. अलीकडे २०१९ च्या पेंटेकॉस्टपासून पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने ‘कॅरिस’ ही एकच सेवासंस्था या नवीकरणासाठी जगभर काम करू लागली. थोडक्यात, आपल्या चर्चने हे दार बंद केलेले नाही, आणि या दारातून आलेच पाहिजे असा हुकूमही केलेला नाही.

तो हुकूम माणसे करतात. पत्नीच्या आग्रहाखातर मी एका प्रार्थनासभेला गेलो. तिथे एका फिरत्या प्रवचनकाराने सांगितले की भाषा न येणे म्हणजे आत्म्याला अडविणे. ‘हालेलुया’ वेगाने म्हणत राहा, जीभ आपोआप सुटेल. मी प्रयत्न केला, हे कबूल करतो. जीभ सुटली नाही, बोबडी मात्र वळली. त्या रात्री घरी पत्नीने अंधारात विचारले, “अहो, पोरीच्या बाबतीत तुमचा विश्वास तर कमी पडत नसेल ना?” तिने ते दुखविण्यासाठी विचारले नव्हते. पण ते वाक्य माझ्या छातीत रुतले ते बरीच वर्षे निघाले नाही. ज्या वरदानाबद्दल पौल स्वतःच विचारतो की सगळेच भाषा बोलतात काय, त्याची मोजपट्टी करून कोणी एका बापाच्या विश्वासाची उंची मोजावी, आणि मुलीचे दुखणे त्या उंचीला टांगावे, यासारखे क्रौर्य नाही.

यानंतरचे लिहिणे कठीण आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये अशाच एका दूरच्या सभेत कोणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याचे जाहीर केले, आणि औषध चालू ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे तिच्या आईला सांगितले. त्या माणसाचे नाव मी इथे घेत नाही. पत्नीने मला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन आठवडे काही झाले नाही. त्यानंतर एका संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ कोसळली, डावा हात कोपरापर्यंत भाजला, आणि झटका संपायच्या आत दुसरा आला. त्या रात्री भाड्याच्या जीपने आम्ही नांदेड गाठले. नऊ दिवस आम्ही तिथे होतो.

अशा फिरस्त्यांना उत्तर द्यायला आपल्या बायबलमध्येच एक अध्याय आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा. वैद्याला मान दे, त्याला देवानेच निर्माण केले आहे, औषधे देवाने भूमीतून उत्पन्न केली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारीत नाही, असा त्याचा आशय. व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये आजारमुक्तीच्या प्रार्थनांविषयी सूचनापत्र काढले, त्यातही प्रार्थना करताना नैसर्गिक उपचार सोडू नयेत हे स्पष्ट केले, आणि अशा सभांमध्ये उन्माद, नाटकीपणा व सनसनाटीपणा यांना थारा देऊ नये असे बजावले. ते पत्र चार वर्षे आधी निघाले असते तर काही वेगळे घडले असते काय, ठाऊक नाही. आमच्यापर्यंत ते कोणी आणले असते?

नांदेडहून परतल्यावर मी पत्नीला एकच वाक्य बोललो: “या घरात ती भाषा पुन्हा ऐकू येता कामा नये.” तिने मान खाली घातली. तिने खरोखरच पाळले. पहाटे साडेचारला ती उठे, स्टोव्ह पेटवी, आणि गप्प बसून राही. मी न्याय केला, असे मला वाटत होते. ज्याने गोळ्या बंद करायला लावल्या तो निघून गेला होता आणि शिक्षा तिच्या पहाटेच्या प्रार्थनेला झाली होती, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

त्या पावसाळ्यात शाळेच्या कपाटातले पंडिता रमाबाईंचे चरित्र मी पुन्हा वाचायला घेतले. केडगावच्या मुक्ती सदनात जून १९०५ मध्ये शेकडो मुली व बाया रडत, मोठ्याने प्रार्थना करीत आत्म्याच्या भरात आल्या, आणि १९०६ च्या अखेरीस तिथे भाषा बोलल्या गेल्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर जे सुरू झाले त्यालाच सगळे जग या चळवळीचे उगमस्थान मानते. दौंडजवळच्या आमच्या मराठी पोरीबाळींची आठवण फार थोड्यांना असते. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील एका मैत्रिणीला पाठविली आणि १९०९ मध्ये त्या देशातही तशीच जागृती झाली. रमाबाई प्रॉटेस्टंट होत्या, आपली आणि त्यांची वाट वेगळी. तरी त्यांच्याकडून शिकावे असे यात पुष्कळ आहे. त्यांनी त्या मुलींची बाजू घेतली, टीकाकारांना उत्तरे दिली; पण भाषा बोलता आली नाही म्हणून कोणाला आत्मा मिळाला नाही, असे त्यांनी मानले नाही. आणि ज्या सदनात न समजणारे शब्द उच्चारले जात होते, त्याच सदनात त्या हिब्रू व ग्रीक शिकून, अडाणी बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवत होत्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते काम चालू होते. पौलाचे पाच शब्द आणि दहा हजार शब्द एका छपराखाली नांदत होते. हे वाचून मी अस्वस्थ झालो, पण माझा हुकूम मागे घेतला नाही. चांगले वाचन आणि चांगली कृती यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमीच बराच काळ जातो.

माझे डोळे उघडले ते मायने. माय गंगापूर-वैजापूरकडची, घोगरगावच्या पंचक्रोशीतली. फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनरींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे काम सुरू केले, आणि तिच्या वडिलांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला. लग्न होऊन ती हिंगोलीला आली, कारण वडील रेल्वेत गँगमन होते. पूर्णा-अकोला मीटरगेजच्या रुळांवर त्यांचे आयुष्य गेले. मायला अक्षरओळख नव्हती. दिवाळीनंतरच्या एका दुपारी तिने मला जवळ बसविले.

“सुनबाईचं तोंड काहून बंद केलंस?”

“माय, त्या बोलण्याचा अर्थ कोणाला कळतो? तिला तरी कळतो का?”

“आन् मला कुठं कळत व्हता रे बाबा? लहानपनापासून मी ओरापोनोबी, ओरापोनोबी म्हनत आले. फादर एक म्हनायचा अन् आपुन सगळ्यायनं ओरापोनोबी म्हनायचं. मला वाटायचं, त्यो इचारतो अन् आपुन व्हय म्हनायचं. ज्याला कळायचं त्याला कळत व्हतं की.”

‘ओरा प्रो नोबिस’, आम्हांसाठी विनंती कर. लॅटिनमधील ते उत्तर मायच्या तोंडी घासून घासून ‘ओरापोनोबी’ झाले होते. मिस्सात मराठी आली ती १९६५ नंतर. तोवर मायने चाळीसहून अधिक वर्षे न समजणाऱ्या भाषेत देवाची आळवणी केली होती, आणि आम्ही कोणी तिला वेडी म्हटले नव्हते. उलट तिच्या भक्तीचे दाखले देत होतो. लॅटिन आणि पत्नीचे ते बोलणे एक आहे असे मी म्हणत नाही. लॅटिनला व्याकरण आहे, वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूला त्याचा अर्थ ठाऊक होता. एवढा फरक मास्तर म्हणून मला सोडता येणार नाही. परंतु गुडघे टेकलेल्या निरक्षर बाईच्या बाजूने पाहिले तर? तिच्याकडे होता तो फक्त आवाज, आणि तो योग्य ठिकाणी पोहोचतो हा भरवसा. ज्या आत्म्याविषयी पौल रोमकरांना लिहितो की शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने तो आपल्यासाठी विनंती करतो, त्याला मायच्या मोडक्या लॅटिनचे वावडे नव्हते.

त्याच महिन्यात शाळेची सहल औंढा नागनाथला गेली. नामदेवांचे नरसी आमच्या याच भागात. विसोबा खेचरांची आणि त्यांची भेट औंढ्याची. मुलांना मी दरवर्षी ती आख्यायिका सांगतो की देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना गोंगाट होतो म्हणून मागे पिटाळले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. त्या वर्षी सांगताना माझा आवाज मध्येच अडकला. मुलांना वाटले, गुरुजींना खोकला झाला.

घरी येऊन मी पत्नीला म्हणालो, “उद्यापासून कर तुझी प्रार्थना.” तिने विचारले, “आणि गोळ्या?” मी म्हणालो, “गोळ्या मी देत जाईन.” आमच्यात झालेला तह तो एवढाच. क्षमा मागायला हवी होती, ती मी मागितली नाही. तिनेही मुलीच्या भाजलेल्या हाताविषयी काही बोलणे टाळले. तो हात चोळून चोळून तीच तेल लावीत असे.

जानेवारी १९९८ मध्ये माय गेली. अखेरच्या आठवड्यात तिची स्मृती पार गेली होती. मला ती माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारी, नातीला ओळखत नसे. फादरांनी येऊन रुग्णाभ्यंग दिला होता. शेवटच्या रात्री पत्नी तिच्या उशाशी बसून अगदी हळू आवाजात तिच्या त्या भाषेत प्रार्थना करीत होती. मी पायाशी. मुलगी भिंतीला टेकून. मध्यरात्र उलटली असेल. पत्नी श्वास घेण्यासाठी थांबली आणि तेवढ्यात मायचे ओठ हलले. “ओरापोनोबी.” पत्नी पुन्हा बोलू लागली, पुन्हा थांबली, पुन्हा माय म्हणाली, “ओरापोनोबी.” असे किती वेळ चालले ते मी मोजले नाही. एकीचे दुसरीला कळत नव्हते, मला दोघींचे कळत नव्हते. पहाटे मायचे उत्तर आले नाही.

मुलीला शेवटचा झटका आला तो १९९९ मध्ये. २००३ मध्ये डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करीत बंद केल्या. पत्नीच्या मते ती प्रार्थनेने बरी झाली, माझ्या मते नियमित औषधाने. मुलगी आता स्वतः परिचारिका आहे. तिला विचारले तर ती म्हणते की तुमचे भांडण चालू द्या, मी ड्यूटीला जाते.

गुरुवारी आमच्या घरी चारपाच कुटुंबे जमतात. वाचन मराठीत होते, ते माझ्याकडे असते. त्या सभेत पत्नी भाषांत प्रार्थना करीत नाही. अर्थ सांगणारा कोणी नाही म्हणून. हे तिने चौदावा अध्याय वाचून स्वतःच ठरविले, मी काही बोललो नव्हतो. सभेत ती साध्या मराठीत मोजकी वाक्ये बोलते. नवीन आलेली एखादी सून, मला अजून भाषा येत नाही, असे ओशाळून म्हणाली तर पत्नी तिला म्हणते, “आमच्या ह्यांनाही येत नाही,” आणि सगळे हसतात.

पहाटेची वेळ मात्र तिची आहे. साडेचारला ती उठते. स्टोव्ह जाऊन गॅस आला, दूध पिशवीतून येते, आणि तिच्या गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती खुर्चीवर बसते. मावशी गेल्या, पलीकडच्या भिंतीला आता त्यांचा नातू आणि नातसून असतात आणि त्यांनी कधी विचारपूस केली नाही. मी जागाच असतो. तिचे बोलणे चालू होते, अर्ध्या तासाने दूध वर येऊ लागते. मग ती मध्येच थांबून म्हणते, “अहो, गॅस बारीक करा,” आणि मी उठेपर्यंत पुन्हा तिच्या भाषेत परतलेली असते.